सासऱ्याची दाढी

३ फेब्रुवारी

साडूभाऊंना नमस्कार.

थोरली गेल्यावर तुम्ही पाठवलेल्या पत्राला उत्तर द्यायला मला दोन वर्षं आणि वर काही महिने लागले, त्याबद्दल माफ करा. पत्र मिळालं होतं. पाकिटावरचं अक्षर पाहूनच कळलं कोणाचं ते, आणि उघडायलाच आठ दिवस गेले. मग उत्तर लिहायला बसलो की वाटायचं, आता फार उशीर झाला. उशीर झाला म्हणून आणखी उशीर. माझं असंच असतं. थोरली म्हणायची, तुम्ही दाराला कडी लावली का हे बघायला दार उघडता.

पण आज लिहितोय ते सांत्वनाचे आभार मानायला नाही. ते मानले असं समजा. आज मी रागावलेलो आहे.

रविवारच्या वर्तमानपत्रात आठव्या पानावर चौकट आली आहे. तुमच्या निवडक चित्रपट परीक्षणांचं पुस्तक पुढच्या महिन्यात निघतंय. 'मार्मिक, निर्भीड आणि खुसखुशीत' असं लिहिलंय. तुमचा फोटोही आहे, हनुवटीखाली हात घेतलेला. ठीक आहे, कॉलेजात शिकवलंत, पुस्तक निघालं पाहिजे. पण तुमच्या खुसखुशीतपणाचा नमुना म्हणून त्यांनी कोणती ओळ छापावी? चाळीस वर्षं लिहिताय तुम्ही, हजार चित्रपटांवर लिहिलं असेल, आणि नेमकी ती.

'सासऱ्याचा विरोध नेमका कुठे मावळला? बहुधा दिग्दर्शक लघुशंकेला गेला असताना.'

मी चहा पीत होतो. कप खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही.

तुम्हाला कदाचित चित्रपटाचं नावही आठवत नसेल, म्हणून सांगतो. 'दुकान उघडं आहे'. आमच्या थिएटरात एकतीस वर्षांपूर्वी लागला, शुक्रवारी लागला आणि गुरुवारी उतरला. काढणारा माणूस शाळेत चित्रकला शिकवायचा, म्हणून आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणायचो. त्यांनी आयुष्यात तो एकच चित्रपट काढला. दुसरा का काढला नाही, तर तुमची ती एक ओळ. आज त्या चित्रपटाचं नाव कुणाला माहीत असलंच तर ते तुमच्या विनोदामुळे. म्हणजे माणूस मेला आणि लोकांना फक्त त्याला मारलेली थप्पड आठवते, असं झालं. मास्तर मेलेले नाहीत, हे पण सांगतो. चौऱ्यांशी वर्षांचे आहेत, मुलीकडे असतात, आणि वर्तमानपत्र त्यांची मुलगी त्यांना मोठ्याने वाचून दाखवते. आठवं पान वाचलं की नाही ते मला माहीत नाही. विचारायची हिंमत होत नाही.

माझं मागणं साधं आहे. ते परीक्षण पुस्तकातून काढा. छपाई व्हायची आहे अजून. बाकी नऊशे नव्याण्णव ठेवा.

मी सातवी नापास माणूस, तुमच्यासारखं लिहिता येत नाही. चुकलं असेल तिथे दुरुस्त करून वाचा, तुम्हाला सवय आहे.

तुमचा
थोरला साडू

ता. क. घर नंबर तोच आहे ना तुमचा? धाकटीने मागे सांगितलेला घातलाय. पत्र पोचलं का एवढं तरी कळवा.


१० फेब्रुवारी

साडूभाऊ,

सात दिवस झाले. पोस्टमन रोज समोरच्या घरात काहीतरी टाकतो आणि माझ्याकडे बघून मान हलवतो. पहिलं पत्र पोचलं नसेल अशी शंका येते. तिकीट नीट चिकटवलं होतं का, तेही आता आठवत नाही. म्हणून परत लिहितो. दोन्ही मिळाली तर दोनदा रागावलो असं समजा.

तुम्ही म्हणाल, या ऑपरेटरला चित्रपटातलं काय कळतं. बरोबर आहे. मी चौतीस वर्षं केबिनमध्ये उभा राहिलो. दोन मशीन, मध्ये मी. एका मशीनवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात टिकली दिसते, ती दिसली की दुसरं मशीन चालू करायचं. त्या टिकलीसाठी डोळे लावून बसायचं. त्यामुळे मी चित्रपट कमी पाहिले. पण केबिनच्या भोकातून मला जे दिसायचं ते तुम्हाला कधी दिसलं नाही, कारण तुम्ही पुढे बसायचात. मला माणसांची डोकी दिसायची. पाठीमागून. कंटाळलेलं डोकं कसं असतं, रडणारं कसं असतं, शेजारणीकडे बघणारं कसं असतं, हे मला विचारा.

तो भुताचा चित्रपट आठवतो का, चार दिवस चाललेला? तुम्ही लिहिलं होतं की त्यातलं भूत इस्त्रीला टाकलेल्या चादरीसारखं दिसतं. दिसत होतं तसंच. पण त्यात एक जागा होती. म्हातारी रिकाम्या खोलीत जेवायला दोन ताटं मांडते आणि दुसऱ्या ताटासमोर बोलायला लागते. त्या वेळी सगळ्या थिएटरने पाय खुर्चीवर वर घेतले. मी मोजले नाहीत, पण चपला वाजल्या नाहीत ना खाली. पूर्ण शांत. तुम्ही चादर पाहिलीत, ताट पाहिलं नाहीत. तो मारामारीचा, ज्यात गुंड हिरोला मारण्याआधी त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण उचलून त्याच्या खिशात टाकतो. तुम्ही लिहिलंत, 'हाणामारी पाहून निर्मात्यालाच हाणावंसं वाटतं.' बटण कुठे आहे तुमच्या परीक्षणात? असे किती. पडलेल्या चित्रपटांत एक तरी जागा अशी असते की जिच्यासाठी कुणीतरी घरदार विकलेलं असतं. तुम्ही लोक पडलेल्या माणसाच्या अंगावरून चालत जाता आणि वर सांगता की रस्ता खडबडीत होता.

असो. दम लागतो हल्ली लिहिताना पण.

तुम्हाला आठवण करून देतो चित्रपट काय होता ते, कारण तुम्ही विसरला असणार. न्हावी मरतो. त्याची बायको ठरवते, दुकान मी चालवणार. सासरा म्हणतो, माझ्या जिवंतपणी नाही. चौथ्या रिळात तो वस्तरा रस्त्यावर फेकून देतो, सगळ्या गल्लीसमोर, आणि तिला वाटेल ते बोलतो. ती वस्तरा उचलून आणते. मग पाचवं रीळ. सकाळ आहे, दुकान बंद, फळी अर्धी उघडी. ती खुर्ची पुसते आहे. सासरा येतो, उभा राहतो. आणि खुर्चीत बसतो. बस्स. मान मागे टाकतो, गळा वर. ती बघत राहते. मग ब्रश भिजवते. पुढची नऊ मिनिटं ती सासऱ्याची दाढी करते. एक शब्द नाही. वस्तऱ्याचा आवाज आणि म्हाताऱ्याचा श्वास. कानाखाली एकदा कापतं, रक्ताचा थेंब येतो, म्हातारा हलत नाही. फक्त हाताने खुर्चीचा दांडा धरतो. शेवटी ती आरसा धरते तर तो आरशात बघतच नाही, स्वतःच्या गालावरून उलटा हात फिरवतो, खालून वर, राहिलंय का बघायला. एका जागी थांबतो. तिथे बोट ठेवतो. ती तिथे परत वस्तरा लावते.

म्हणजे तो तिला शिकवतोय. धंदा देतोय तिला. गळा देऊन.

सहाव्या रिळात ती गिऱ्हाइकांची दाढी करते आहे आणि सासरा दुकान झाडतो आहे, हे त्यानंतर येतं. तुम्ही विचारता, विरोध कुठे मावळला.

त्या चित्रपटाची एकच प्रत राहिली आहे आणि ती माझ्याकडे होती. वितरक न्यायला आलाच नाही. थिएटर पाडलं तेव्हा दहा डबे मी घरी आणले. थोरलीने खाटेखाली जागा करून दिली. आंबट वास यायला लागतो जुन्या फिल्मला, म्हणून दर महिन्याला झाकणं उघडून वारं द्यायचो. आता चित्रपट संग्रहालयातली एक बाई ते घेऊन गेली आहे, साफ करून, फिल्मच्या कडेची फाटलेली भोकं दुरुस्त करून दाखवणार आहेत. परवा तिचा फोन आला. म्हणाली, आजोबा, बाकी नऊ रिळं चांगली आहेत, पाचवंच एवढं का झिजलंय? मी म्हटलं, मला काय माहीत.

परीक्षण काढताय ना?

थोरला साडू


१७ फेब्रुवारी

प्राध्यापक महाशय,

तुमचं कार्ड मिळालं. कार्ड. पाकीटसुद्धा नाही. पोस्टमनने वाचून मग दिलं असेल.

'मी जे पाहिलं ते लिहिलं. एकतीस वर्षांनी जुनं भांडण उकरून कोणाचं भलं होणार आहे? प्रकृतीला जपा.'

तीन वाक्यं. मोजून. मी दोन पत्रांत सात पानं लिहिली, बोटं दुखली, आणि तुम्ही माझ्या प्रकृतीवर आलात. नाकाने कांदे सोलायची सवय गेली नाही तुमची.

भांडण उकरून कोणाचं भलं होणार, असं विचारता. मी विचारतो, तेव्हा कोणाचं झालं होतं? तुमच्या घरी पाटावर बसून मी ते वर्तमानपत्र तुमच्या ताटात टाकलं होतं, आमटीत भिजलं ते. तुम्ही म्हणालात, 'अहो, तुमच्या थिएटरचं नुकसान झालं म्हणून एवढं लागलं का?' मी म्हटलं, 'तुम्हाला डोळे दिलेत की भोकं?' तुम्ही म्हणालात, 'ऑपरेटरने मशीन सांभाळावं.' मी उठलो. थोरली माझ्यामागे उठली, तिला उठावं लागलं. धाकटी दारापर्यंत आली आणि म्हणाली, 'ताई, जेवून तरी जा.' ते शेवटचं. त्यानंतर एकतीस वर्षं आपण एकमेकांच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही. दोघी बहिणी दवाखान्याच्या बाकावर, बस थांब्यावर, कुणाच्या लग्नात भांडी ठेवायच्या खोलीत भेटायच्या, चोरून प्रेम करणाऱ्या पोरींसारख्या. थोरली आजारी पडली तेव्हा धाकटी मी बाहेर गेलो की यायची. मला माहीत होतं. मी मुद्दाम बाहेर जायचो. भाजी आणायला दोन तास लावायचो. पण 'राहा' म्हणालो नाही कधी.

काल धाकटीचा फोन आला. म्हणाली, 'भावोजी, तुम्ही दोघं मरा आणि वर जाऊन भांडा. ताईने तिथे तरी तुमचं तोंड बघू नये.' मग रडली. मग म्हणाली, 'त्यांना झोप नाही दोन दिवस. तुमची पत्रं परत परत वाचतात. ते पाचवं रीळ काय आहे, मला विचारतात, असं काही आठवत नाही म्हणतात. म्हातारपणाने विसरलो का, म्हणून घाबरलेत.'

मी फोन ठेवला.

रागाने लिहायला बसलो होतो. मला तुम्हाला सांगायचं होतं की तुम्ही भेकड आहात, की तुम्हाला विनोद सुचला की तुम्ही माणूस बघत नाही. ते सगळं खरं आहे. पण ते कार्ड समोर आहे आणि त्यातलं पहिलं वाक्य मला पुढे लिहू देत नाही.

उद्या लिहितो. हे तसंच टाकतो पेटीत, नाहीतर फाडीन.


१८ फेब्रुवारी

साडूभाऊ,

तुमची स्मरणशक्ती शाबूत आहे. पाचवं रीळ तुम्ही विसरला नाहीत. तुम्हाला ते दाखवलंच नव्हतं.

हे वाक्य लिहून मी उठलो, गच्चीवर जाऊन आलो, आता परत बसलो आहे.

गुरुवार होता. पत्रकारांसाठी सकाळचा खास खेळ, दहा वाजून दहा मिनिटांनी सुरू होणार. तुम्हाला मीच बोलावलं होतं. माझा साडू वर्तमानपत्रात लिहितो, हे मी मास्तरांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. ते म्हणाले, 'आमचं नशीब.' तुम्ही सात जण होतात, पुढून चौथ्या रांगेत. डबे आदल्या रात्री यायचे ते सकाळी आले, दहा पंचवीसला. मी मशीन तापवून तयार. मालक केबिनमध्ये आला. म्हणाला, 'बाराचा खेळ बाराला लागला पाहिजे. बाहेर रांग आहे. दहा मिनिटं कुठून तरी काढ.'

तुम्हाला ही गोष्ट माहीत नसेल, कारण बाहेर कुणाला माहीत नव्हती. उशीर झाला की ऑपरेटर एक रीळ दाखवायचाच नाही. आमच्यात त्याला रीळ गिळणं म्हणायचे. सगळीकडे चालायचं. गाण्याचं गिळलं तर लोक ओरडतात, मारामारीचं गिळलं तर खुर्च्या फाडतात. म्हणून ज्यात काही घडत नाही ते बघून गिळायचं, त्यातच ऑपरेटरची हुशारी. मालक म्हणायचा, हा असं गिळतो की ढेकर येत नाही. आणि मला त्याचा अभिमान होता. हेही लिहून टाकतो.

तर चौथं चालू असताना मी पाचवं टेबलावर हाताने फिरवून बघितलं, दिव्यासमोर धरून. खुर्चीत म्हातारा. वीत दोन वीत पुढे, खुर्चीत म्हातारा. आणखी पुढे, खुर्चीत म्हातारा, तोंडाला फेस. गाणं नाही, माणसं नाहीत, दुसरी जागासुद्धा नाही. मी म्हटलं, यात काही नाही. पाचवं बाजूला ठेवलं आणि मशीनवर सहावं लावलं. टिकली आली, मशीन बदललं. सुरेख बदललं. पडदा हललासुद्धा नाही.

म्हणजे तुम्ही रविवारी छापलंत ते मी गुरुवारीच म्हणून बसलो होतो. यात काही नाही. तुम्ही नव्वद मिनिटं बघून म्हणालात, मी चार विती बघून.

मास्तर आत नव्हते. त्यांना बसवत नव्हतं, समोरच्या फुटपाथवर फेऱ्या मारत होते. मालक आणि मी सोडून कुणाला कळलं नाही.

शुक्रवारच्या पहिल्या खेळाला मी पूर्ण दाखवला, आणि पाचवं चालू असताना भोकातून बघितलं. तीसपस्तीस माणसं होती. एक डोकं हललं नाही. दुसऱ्या रांगेत एकटा बसलेला एक माणूस होता, त्याचा हात हवेत वर आला होता आणि बोटं वस्तरा धरल्यासारखी वाकलेली. तो न्हावी असणार. मी टिकली चुकलो. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. पडदा पांढरा झाला तरी कुणी शिट्टी मारली नाही.

तेव्हाच मी सायकल काढून तुमच्याकडे यायला हवं होतं. दोन दिवस होते मध्ये. दुपारी निघालोही होतो. मग वाटलं, साडू म्हणेल हा बघा आमचा ऑपरेटर, आणि मालकाला कळलं तर नोकरी. आणि वाटलं, एका रिळाने काय होतंय.

रविवारी तुमचं आलं. सोमवारी मास्तर केबिनमध्ये आले. हातात वर्तमानपत्राची घडी. रागावलेले नव्हते, ते मला फार लागलं. म्हणाले, 'ऑपरेटर, गुरुवारी पाचवं चाललं होतं ना?'

मी म्हटलं, 'चाललं होतं.'

'नीट? आवाज होता?'

'सगळं नीट होतं, मास्तर.'

त्यांनी वर्तमानपत्राची घडी खिशात घातली. 'मग त्यांना दिसलं नाही,' म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

त्यानंतर आठच दिवसांत मी तुमच्या ताटात वर्तमानपत्र टाकलं. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. मी इतका ओरडलो की मला स्वतःलाच पटलं. एकतीस वर्षं पटत राहिलं. घरात कुणी तुमचं नाव काढलं की मी तापायचो, आणि थोरली समजायची मास्तरांवर माझा जीव आहे. तिलासुद्धा सांगितलं नाही. मी तिला तिच्या बहिणीपासून तोडलं ते तुमच्या लिखाणासाठी नव्हे, माझ्या गिळलेल्या रिळासाठी. आता ते कुणाला सांगू?

पाचवं का झिजलं ते त्या बाईला मी खोटं सांगितलं. थिएटर पडेपर्यंत, सकाळी झाडूवाली यायच्या आत, मी ते एकटंच लावून बघायचो. किती वेळा ते माहीत नाही. मोजलेलं नाही.

पण थांबा. याचा अर्थ तुम्ही सुटलात असा नाही. मी जे पाहिलं ते लिहिलं म्हणता. खरं आहे. पण चौथ्या रिळात वस्तरा फेकणारा माणूस पुढच्या क्षणी हसत दुकान झाडतो, एवढा मोठा खड्डा तुम्हाला दिसला, आणि तुम्ही फक्त त्यावरून उडी मारून टाळ्या घेतल्यात. साडू वर केबिनमध्ये होता तुमचा. खेळ संपल्यावर जिना चढून 'अहो, मध्ये काही राहिलं का?' एवढं विचारलं असतंत तर मी खोटं बोललो असतो की नाही, देव जाणे. पण तुम्ही विचारलं नाहीत. ज्या माणसाबद्दल आदर असतो त्याच्या चित्रपटात खड्डा दिसला तर आपण विचारतो. चित्रकलेचा मास्तर होता, म्हणून तुम्हाला वाटलं याला येतच नाही. मलाही तेच वाटलं. आपण दोघं साडू शोभतो.

परीक्षण काढू नका आता. राहू द्या. पण त्याखाली छापा की पाचवं रीळ दाखवलं गेलं नव्हतं आणि ते ऑपरेटरने गिळलं होतं. ऑपरेटर कोण होता तेही छापा, साडू होता हेही छापा.

मास्तरांना मीच सांगणार आहे. कधी ते ठरत नाही.

थोरला


२४ फेब्रुवारी

साडूभाऊ,

काल सांगून आलो.

संग्रहालयातल्या बाईचा फोन आला होता, की येत्या शुक्रवारी, एक तारखेला, दुपारी चार वाजता चित्रपट दाखवणार, त्यांच्या छोट्या हॉलमध्ये, आणि मास्तरांना त्यांची मुलगी घेऊन येणार आहे. म्हटलं, आता त्या अंधारात बसून त्यांनी पाचवं बघायचं आणि मी शेजारी गप्प बसायचं, हे काही होणार नाही माझ्याच्याने. रिक्षा केली. वाटेत दोनदा परत फिरवायला सांगितली. रिक्षावाला म्हणाला, 'आजोबा, एकदा काय ते ठरवा, पेट्रोल माझं जातंय.'

दुसरा मजला. मास्तर खिडकीपाशी खुर्चीत होते. एका डोळ्याने दिसतं, एकाने नाही. मला आवाजावरून ओळखलं. मुलीने चहा ठेवला. मी चहा व्हायच्या आत सांगून टाकलं, नाहीतर चहा पिऊन निघून आलो असतो.

पहिल्यांदा त्यांना कळलं नाही. म्हणाले, 'पण तुम्ही तर चाललं म्हणाला होतात.'

'खोटं बोललो, मास्तर.'

'कशाला?'

मला उत्तर आलं नाही. एकतीस वर्षं होती तयारीला.

मग ते रागावले. साडूभाऊ, मी त्या माणसाला कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. म्हणाले, 'मी एकतीस वर्षं त्या नऊ मिनिटांना दोष दिला. शिकलेल्या माणसाला समोर बसवून नऊ मिनिटं दाखवलं तरी दिसत नाही, म्हणजे मला दाखवता येत नाही, असं धरून चाललो. दुसरी गोष्ट लिहून तयार होती. वाळवी लागली तेव्हा हिने टाकून दिली, मीच म्हटलं टाक. आणि तुम्ही येऊन सांगता की डबा टेबलावर होता.' मग म्हणाले, 'उठा. चालते व्हा.'

मुलगी मला दारापर्यंत घेऊन आली. चहा तसाच राहिला.

मी चपला घालत होतो. वाकायला वेळ लागतो. तेवढ्यात आतून हाक आली, 'ऑपरेटर.'

मी दारातच उभा राहिलो. आत जायचं धाडस नव्हतं.

'म्हणजे तुमच्या साडूंनी ते पाहिलेलंच नाही.'

'नाही, मास्तर.'

आतून म्हणाले, 'मग त्यांचं मत अजून व्हायचं आहे. बोलवा त्यांना.'

मुलगी म्हणाली, 'बाबा, कशाला आता.' त्यावर ते म्हणाले, 'तू गप्प. वाईट वाटलं तर वाईट लिहू दे. बघून लिहू दे.'

एवढंच सांगायला हे पत्र. तुम्ही या. माझ्यासाठी येऊ नका, माझं तोंड बघायचं नसेल तर मी मागच्या रांगेत बसतो, तिथलीच सवय आहे मला. धाकटीला आणा. त्यांच्या शेजारी बसा आणि पाचवं बघा. आवडलं नाही तर त्यांच्या तोंडावर सांगा, कीव करून गोड बोलू नका, त्यांना एका डोळ्यानेसुद्धा ते कळेल. तुमचा तो विनोदही पुन्हा करा हवं तर. फक्त आधी बघा.

पाच दिवस राहिलेत. मुलीचा आज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा फोन आला, 'बाबा विचारतायत, कळवलं का त्यांनी?' मी म्हटलं, पत्र टाकतोय. तिने सांगितलं की त्यांनी शुक्रवारसाठी शर्ट काढून ठेवायला लावलाय. ती उद्या परत विचारणार. 'येतो म्हणालेत' असं तिला सांगून मोकळं व्हायची माझ्या जिभेला आत्तापासून घाई झाली आहे, आणि त्या माणसाशी दुसऱ्यांदा खोटं बोलायचं नाही मला. तेव्हा येत असाल तर येतो, नसाल तर नाही, पण उलट टपाली कळवा, किंवा धाकटीला फोन करायला सांगा, पत्र मिळेल त्याच दिवशी.

थोरला साडू